समान न्यायाची तालुक्यातली वाट : विधी सेवा समिती आणि तिचे स्वयंसेवक

जळगाव जामोद तालुक्याचे दोन भाग आहेत. खाली पूर्णेच्या बाजूला काळ्या मातीचा, कपाशीचा सपाट मुलूख आणि त्यातला खारपाणपट्टा. वर सातपुड्याच्या डोंगरात भिंगारा, चाळीस टापरी, गोमाल यांसारखी आदिवासी वस्तीची गावे. १९०५ साली वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा हा तालुका अकोल्यातून काढून बुलढाण्याला जोडला गेला. तेव्हापासून जिल्ह्याचे काम म्हटले की नांदुरा-मोताळा ओलांडून जायचे. डोंगरातल्या माणसाला तर आधी तालुक्याच्या गावापर्यंत उतरायचे, मग एसटी पकडायची, आणि दिवसाची मजुरी बुडवून साहेब येण्याची वाट बघत बसायचे. कायद्याने दिलेला हक्क कागदावर सगळ्यांना सारखा असतो. तो पदरात पाडून घ्यायला लागणारा खर्च मात्र सारखा नसतो. तालुका विधी सेवा समिती ही संस्था ही तफावत भरून काढण्यासाठी निर्माण झाली. म्हणून तिचा इतिहास दिल्ली-मुंबईच्या आदेशांवरून लिहिला तरी तो इथल्या वाटांवरच तपासून घ्यावा लागतो.

परदेशांत काही शहरांना स्वतःचे समान हक्क आयोग असतात. गावातलेच नागरिक त्यावर बिनपगारी बसतात, भेदभावाच्या तक्रारी ऐकतात, दोन्ही बाजूंशी बोलतात. आपल्याकडे राज्य महिला आयोग १९९३ पासून आहे, राज्याचा मानवी हक्क आयोग आहे, अनुसूचित जाती-जमातींचा आयोग आहे. पण हे सगळे मुंबईत. तालुक्याच्या गावी असा आयोग नाही. इथे ते काम, जेवढे होते तेवढे, न्यायालयाच्या आवारातली विधी सेवा समिती आणि तिचे विधी स्वयंसेवक करतात. या स्मरणिकेत त्यांच्यासाठी स्वतंत्र पाने ठेवली आहेत ती त्यामुळेच.

या जिल्ह्याला समतेचा विषय नवा नाही. बुलढाण्याच्या कचेरीत नोकरीला असलेल्या बापूजी हरी शिंदे यांच्या लेकीने, ताराबाई शिंदे यांनी, १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक पुण्यात छापून प्रसिद्ध केले. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली होती. अपिलात ती कमी झाली. त्या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांवर तोंडसुख घेतले, त्याला ताराबाईंनी दिलेले हे उत्तर. महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण पुस्तक लवकरच विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापले तेव्हा लोकांना कळले की वऱ्हाडातल्या एका बाईने पुरुषांना जाब विचारून जवळजवळ शंभर वर्षे झाली आहेत. विजयालक्ष्मीच्या बाजूने कुणी अपील चालवले म्हणून तिचा जीव वाचला. ज्यांच्या बाजूने कुणी उभे राहिले नाही त्यांची नावेसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. विधी सेवेचा सगळा प्रश्न या फरकात सामावलेला आहे.

गरिबाला सरकारी खर्चाने वकील द्यावा, ही कल्पना इकडे स्वातंत्र्याबरोबरच आली. मुंबई सरकारने १९४९ साली न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तालुक्यापासून राज्यापर्यंत पायरीपायरीने मदत समित्या असाव्यात, असे तिने सुचवले. आपण तेव्हा मुंबई राज्यात नव्हतो. वऱ्हाड मध्य प्रांतात होते आणि मुंबई राज्यात आले ते १९५६ साली. अर्थात जिथे ती शिफारस झाली तिथेही ती बरीचशी कागदावरच राहिली. त्यानंतर वीस-एकवीस वर्षांनी, १९७० साली गुजरात सरकारने हाच विषय न्या. पी. एन. भगवती यांच्याकडे सोपवला. हे आधीच्या भगवतींचे चिरंजीव. १९७३ साली न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या समितीचा अहवाल आला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ घातला गेला : पैशाअभावी किंवा दुसऱ्या कोणत्याही दुबळेपणामुळे कुणाही नागरिकाची न्यायाची संधी हुकू नये, ही शासनाची जबाबदारी. आणीबाणीतल्या त्या दुरुस्तीबद्दल बोलावे तेवढे थोडे आहे, आणि तिच्यातले बरेच काही पुढे रद्दही झाले. हा एक अनुच्छेद मात्र टिकला, आणि टिकायलाच हवा होता.

महाराष्ट्रात १९७९ साली राज्याची विधी साहाय्य व सल्ला योजना आली. पण योजनेला खरा जोर मिळाला तो न्यायालयाच्या निकालांनी. १९७८ साली हॉसकॉट विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेवर मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील देणे ही मेहेरबानी नव्हे. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांचे हुसैनआरा खातून प्रकरण आले. झालेल्या गुन्ह्याला जेवढी शिक्षा होऊ शकली असती त्याहून जास्त काळ माणसे खटल्याविनाच तुरुंगात होती.

आपल्या विषयाशी सगळ्यांत जवळचे प्रकरण शीला बारसे यांचे. त्या मुंबईच्या पत्रकार. त्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात जाऊन पंधरा महिला कैद्यांची विचारपूस केली. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. १९८३ च्या त्या निकालाने ठरवून दिले की महिलांची कोठडी वेगळी असावी, पहारा महिला पोलिसांचा असावा, चौकशी महिला पोलिसांसमोर व्हावी. आणि कुणालाही अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला ताबडतोब कळवावे. पोलीस ठाणे आणि विधी समिती यांच्यातला जो धागा आज आपण गृहीत धरतो, तो एका बाईने तुरुंगात जाऊन केलेल्या विचारपुशीतून निघालेला आहे. बारसे यांच्याकडे कोणतेही पद नव्हते. स्वयंसेवक कसा असावा, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा संसदेने १९८७ साली केला, पण तो अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. मधली आठ वर्षे अगदीच वाया गेली असे म्हणता येणार नाही, कारण मूळ कायद्यात तालुक्याला जागाच नव्हती. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा, एवढ्यावरच रचना थांबत होती. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात कलम ११-अ घातले आणि तालुका विधी सेवा समिती जन्माला आली. तालुक्यातले सर्वांत ज्येष्ठ न्यायिक अधिकारी तिचे पदसिद्ध अध्यक्ष. तालुक्यातल्या विधी सेवेचा मेळ घालणे आणि लोकअदालती भरवणे, ही तिची नेमून दिलेली कामे. ती दुरुस्ती झाली नसती तर आपल्या माणसाला वकिलासाठीचा साधा अर्जही बुलढाण्याला नेऊन द्यावा लागला असता.

मदत कुणाला मिळते, हे कलम १२ सांगते. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल, दिव्यांग किंवा मनोरुग्ण, वेठबिगारीचा वा मानवी व्यापाराचा बळी, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती. पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार अशा आपत्तीत सापडलेला माणूस. आणि या कशातच बसत नसेल, पण उत्पन्न मर्यादेच्या आत असेल, तर तोही. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला तीन लाख रुपये आहे. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर या दोन्ही तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला, नदीनाल्यांनी शेते खरवडून नेली, घरांत पाणी शिरले. त्या पुरात नुकसान झालेला प्रत्येक माणूस कलम १२ प्रमाणे फुकट कायदेशीर मदतीचा हक्कदार होता. पंचनाम्यात नाव सुटलेल्या किती जणांना हे ठाऊक होते? कायद्यात लिहिलेले आणि दारात पोचलेले यांत केवढे अंतर असते, ते अशा वेळी दिसते.

ते अंतर भरायला माणसे लागतात. वकील लागतातच, पण वकिलापर्यंत पोचायच्या आधी कुणीतरी लागते. हे ओळखून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ साली विधी स्वयंसेवकांची योजना आणली. अलीकडे त्यांना ‘अधिकार मित्र’ म्हणतात. कायद्याची पदवी नको. लिहिता-वाचता येणारा, शक्यतो दहावी झालेला माणूस चालतो. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या महिला, विद्यार्थी, डॉक्टर. तुरुंगात दीर्घ शिक्षा भोगणारे, चांगल्या वर्तणुकीचे शिकलेले कैदीसुद्धा यात घेतले जातात, आणि मला ही या योजनेतली फार शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण बराकीतल्या माणसाचे दुखणे बराकीतल्यालाच आधी कळते. स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळते, ओळखपत्र मिळते, आणि कामाच्या दिवसापुरते बेताचे मानधन. त्यावर कुणाचे घर चालत नाही. म्हणून या कामात टिकून राहतो तो मनानेच टिकतो.

त्यांचे काम जवळून पाहायचे तर न्यायालयाच्या आवारातल्या त्यांच्या टेबलाशी थोडा वेळ बसावे. एक बाई येते. हातात दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कागदांची चळत : नवऱ्याच्या वकिलाची नोटीस, दवाखान्याची चिठ्ठी, रेशनकार्ड, मुलीचा जन्मदाखला, आणि मधेच वीजबिल. स्वयंसेवक सगळे टेबलावर पसरतो आणि तारखेप्रमाणे लावायला घेतो.

“मले त् काई समजत नाई भाऊ यातलं. उत्पन्नाचा दाखला आना म्हने कोनी, त् तीनदा येऊन गेली मी.”

“तुमाले त्याची गरजच नाई, काकू. बाईमानसाले दाखला लागत नाई.”

ती त्याच्याकडे बघत राहते. तीन दिवसांची मजुरी गेली ती कायद्याला न लागणाऱ्या कागदापायी. स्त्रीला, मुलाला किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अटच नाही; आणि जिथे उत्पन्न दाखवायचे असते तिथे शपथपत्र पुरेसे मानता येते, असे कलम १३ सांगते. अर्ज मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे, लिहून घेणे हे समितीचे काम. स्वयंसेवक विचारत जातो, लिहीत जातो. लग्न कधी झाले, घराबाहेर कधी काढले, मुलगी कितवीत आहे. मग तो नोटिशीवरची तारीख बोटाने दाखवतो आणि सांगतो की या दिवशी यायचेच, आजारी असलात तर निरोप द्या पण गैरहजर राहू नका. अर्ज पुढे जातो, पॅनेलवरचा वकील नेमला जातो, पोटगीचा किंवा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज दाखल होतो. वकिलाचे काम तिथून सुरू होते. पण ती पिशवी उघडून कागद लावणारा कुणी भेटला नसता, तर तारीख निघून गेली असती आणि तिच्या गैरहजेरीत हुकूम झाला असता.

समितीचे सर्वांत गाजणारे काम म्हणजे लोकअदालत. कायद्याच्या आधीपासून ती आहे. गुजरातेत तेव्हाच्या जुनागढ जिल्ह्यात ऊना इथे १४ मार्च १९८२ रोजी भरलेली लोकअदालत पहिली धरतात. पॅनेलवर न्यायिक अधिकाऱ्याबरोबर वकील आणि समाजसेवक बसतात. तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची किंमत असते, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. बँकांची थकबाकी, वीजबिले, ग्रामपंचायतीची घरपट्टी, भावाभावांतले वाटप, अपघाताची नुकसानभरपाई अशी प्रकरणे एका दिवसात मिटतात. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या वऱ्हाडात हे काही लहान काम नव्हे.

मात्र एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिली पाहिजे. तडजोड दोन बरोबरीच्या माणसांत होते तेव्हा ती न्याय असते. एकाच्या मागे भावकी, पैसा आणि वकील, आणि दुसऱ्याच्या मागे कुणीच नाही, अशा वेळी ‘मिटवून टाका’ हा सल्ला दुबळ्यालाच महागात पडतो. लेकरू कडेवर घेऊन आलेल्या बाईला नांदायला परत जा म्हणणारे पुष्कळ असतात. शेतमजुराला अर्ध्या मजुरीवर समजूत घालणारेही असतात. जातीवरून झालेल्या अत्याचाराचा गुन्हा ‘गावातल्या गावात’ मिटवण्यासाठी तर सारे गाव दबाव आणते. ॲट्रॉसिटीचे गुन्हे आपसात मिटवता येत नाहीत, आणि न मिटण्याजोगे गुन्हे लोकअदालतीपुढे घेताच येत नाहीत; हे त्या दबावाखालच्या माणसाला ठामपणे सांगणे हे स्वयंसेवकाचे काम आहे. जात पंचायतीच्या जाचाबद्दलही तेच. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकलेल्या कुटुंबाने गप्प बसायचे कारण नाही. लोकअदालतीत किती प्रकरणे निकाली निघाली, हा आकडा दर वेळी वर्तमानपत्रात येतो. किती जणांना तडजोड नाकारायचे बळ मिळाले, त्याचा आकडा कुठेच येत नाही. माझ्या मते समितीची खरी परीक्षा त्या न छापलेल्या आकड्यात आहे.

डोंगरातल्या गावांचा प्रश्न आणखी वेगळा. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासींचा हक्क मान्य केला. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे करायचा, तिथून तो उपविभागीय आणि मग जिल्हा समितीकडे जातो. पुरावा म्हणून सरकारी कागदच लागतो असे नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब चालतो. झोपडी, बांध, सपाट केलेली जमीन, विहीर, पूर्वजांची दफनभूमी, देवाचे ठिकाण, हेही पुरावेच. हे सगळे नियमांत लिहिलेले आहे. पण भिलाला किंवा कोरकू आजोबांचा जबाब मराठीत कागदावर उतरवायचा तर लिहिणाऱ्याला दोन्ही भाषा यायला हव्यात, आणि आजोबांचा त्याच्यावर विश्वास हवा. दावा नामंजूर झाला तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे जाता येते, हे त्या मुदतीच्या आत सांगणारा कुणी हवा. राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१५ साली आदिवासींच्या हक्कांसाठी स्वतंत्र योजना केली तिचा भर यावरच आहे : आदिवासी भागातले स्वयंसेवक आदिवासींमधूनच घ्यावेत, त्यांची भाषा बोलणारे असावेत.

समान हक्कांच्या बाबतीत या व्यवस्थेने किती लांबचा पल्ला गाठला, याची एक नोंद इथे करतो. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. त्या याचिकेत अर्जदार होते राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण. ज्यांच्यासाठी कुणी कोर्टाची पायरी चढले नसते, त्यांच्यासाठी ही संस्था स्वतः चढली. एसटी स्टँडवर टाळी वाजवून पैसे मागणाऱ्या माणसाला ओळखपत्र, रेशन, शाळा आणि नोकरी यांचा हक्क आहे, हे त्या निकालाने ठरले. त्याला तालुक्याच्या गावी सन्मानाने बसवून अर्ज भरून देणे, हे पुन्हा त्याच टेबलावरचे काम.

अत्याचारग्रस्त महिला आणि बालकांसाठी राज्याने २०१३ साली मनोधैर्य योजना सुरू केली; पुढे ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आली. फौजदारी खटल्यांत आरोपींचा बचाव करण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी लोक अभिरक्षक कार्यालये उघडू लागली. शाळा-महाविद्यालयांत, ग्रामपंचायतींत कायदेविषयक शिबिरे होतात. शिबिरांबद्दल फार लिहीत नाही. हार-तुरे आणि भाषणे यांत वेळ जातो, आणि ऐकणाऱ्याला त्याचा स्वतःचा प्रश्न चारचौघांत विचारता येत नाही. शिबिर संपल्यावर मंडपाच्या कडेला थांबून जो स्वयंसेवक एकेकाचे ऐकून घेतो, त्याच्यामुळे शिबिराचा खर्च सार्थकी लागतो.

या संस्थेच्या दप्तरात अध्यक्षांची, सचिवांची, पॅनेलवरच्या वकिलांची नोंद राहते आणि ती राहायलाच हवी. स्वयंसेवक मात्र येतात, दोन-चार वर्षे काम करतात, संसाराच्या नाहीतर नोकरीच्या ओढीने निघून जातात. त्यांच्या कामाची नोंद फार तर एखाद्या मासिक अहवालात उरते. तालुका समितीने इथून पुढे प्रत्येक स्वयंसेवकाच्या कामाचे वर्षवार दप्तर ठेवावे, आणि पुढची स्मरणिका निघेल तेव्हा ते छापावे, अशी माझी विनंती आहे.

दुसरी विनंती वाचकांना. तालुक्यातल्या निवृत्त गुरुजींनी आणि बाईंनी, अंगणवाडीच्या ताईंनी, बचत गट चालवणाऱ्या महिलांनी, आणि सगळ्यांत आधी भिंगारा, गोमाल, चाळीस टापरीकडच्या शिकलेल्या मुलामुलींनी न्यायालयाच्या आवारात जाऊन विधी सेवा समितीकडे स्वयंसेवक म्हणून नाव द्यावे. महिन्यातले काही दिवस दिले तरी खूप झाले. आणि ज्यांना स्वतःलाच मदत हवी आहे त्यांनी दाखल्यांच्या मागे न धावता आहेत तेवढे कागद घेऊन समितीत यावे. येणे जमत नसेल तर फोन करावा : निःशुल्क क्रमांक १५१००.